सुलतानाची शिकारगाह आणि कागलचे हिंदुराव

दिल्लीत महापालिकेचा एक मोठा दवाखाना आहे, हिंदुराव हॉस्पिटल. नाव आपल्याकडचं वाटतं ना? आहेच. हे हिंदुराव म्हणजे कागलचे घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे सख्खे भाऊ. १८३५ मध्ये इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझरचा खून झाला. नंतर टेकडीवरचा त्याचा बंगला हिंदुरावांनी घेतला. दवाखान्याला नाव पडलं ते त्यावरूनच.

पण मित्रांनो, या टेकडीची गोष्ट त्याच्याही पाचशे वर्षं आधीची आहे.

इथे फिरोजशाह तुघलकाची (१३५१ ते १३८८) शिकारगाह होती. अरवलीचा शेवटचा खडकाळ कणा, त्यावर काटेरी रान, त्यात हरणं नि नीलगाई. सुलतानाला शिकारीचं भारी वेड. त्याने इथे महालच बांधला, 'कुश्क-ए-शिकार'. मेरठहून सम्राट अशोकाचा स्तंभ आणून त्यात उभा केला. १३९८ मध्ये तैमूर आला, दिल्ली लुटली गेली आणि महालाचे दिवसही फिरले. पुढे फर्रुखसियरच्या काळात दारूगोळ्याच्या स्फोटात स्तंभाचे पाच तुकडे झाले. इंग्रजांनी ते जोडून पुन्हा उभे केले. १८५७ मध्ये तर हिंदुरावांच्या बंगल्याभोवतीच घनघोर लढाई झाली.

आज काय उरलंय? दवाखान्याच्या आवारात 'पीर गैब' नावाची दुमजली तुघलकी इमारत, एक जुनी बावडी आणि जवळच तो स्तंभ. दगडांची नोंद झाली, पाट्या लागल्या. रानाची नोंद कुणी ठेवली?

सुलतानाने रान राखलं ते स्वतःच्या बाणासाठी, हे खरंच. पण राखलं. राखणारा गेला आणि रस्ते, वस्त्या, कचेऱ्या आत शिरल्या. १९९४ मध्ये दिल्लीतली ७,७७७ हेक्टर रिज राखीव वन करण्याची अधिसूचना निघाली. त्यात उत्तरेचा हा तुकडा जेमतेम ८७ हेक्टरचा. आणि अंतिम शिक्कामोर्तब? ते पुढे वर्षानुवर्षं रेंगाळलं. अधिसूचना आणि अंतिम आदेश यांच्यामधल्या फटीतूनच अतिक्रमण घुसतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

राजधानीत सुलतानाच्या रानाची ही गत. मग आपल्या गायरानाला कोण वाली? एकदा तलाठ्याकडे जाऊन सात-बारा काढा. कागदावर किती आहे आणि जागेवर किती उरलंय, ते कमेंटमध्ये लिहा.