मोझँबीक बेट : घरांचा वास्तुवारसा

मोझँबीक देशाच्या नांपूला प्रांतालगत हिंदी महासागरातील प्रवाळी बेट. लांबी सुमारे ३ किमी., रुंदी जेमतेम अर्धा किमी. मुख्य भूमीशी ते पुलाने जोडलेले आहे. वास्को द गामा १४९८ मध्ये येथे आला, तेव्हा हे अरब-स्वाहिली व्यापाराचे बंदर होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगिजांनी येथे ठाणे वसवले. १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. १८९८ पर्यंत ते पोर्तुगीज पूर्व आफ्रिकेची राजधानी राहिले. १९९१ मध्ये यूनेस्कोने बेटाचा समावेश जागतिक वारसा यादीत केला.

दगडी वस्ती : उत्तर भागातील घरे प्रवाळी चुनखडकाच्या जाड भिंतींची असून त्यांना चुन्याचा गिलावा आहे. दर्शनी बाजू साधी, सपाट. दारे-खिडक्यांभोवती उठावाच्या चौकटी, माथ्यावर कंगणी. बेटावर गोड्या पाण्याची टंचाई असल्याने बहुतेक घरांना कौलांऐवजी सपाट गच्ची आहे. गच्चीवरचे पावसाचे पाणी पन्हळींतून टाक्यात उतरते. हस्तिदंत व कापडाच्या व्यापारासाठी आलेल्या दीवच्या वाण्यांचीही येथे वस्ती होती. अरब, भारतीय व पोर्तुगीज बांधणीचा मिलाफ या घरांत दिसतो.

मकूती वस्ती : दक्षिण भागातील घरांचे नाव त्यांच्या छपरावरून पडले, मकूती म्हणजे माडाच्या झावळ्यांचे शाकार. लाकडी मेढी, बांबू, माती व दगड यांचा कूड, त्यावर चुना, चार उतारांचे छप्पर आणि समोरून परसापर्यंत जाणारा मधला बोळ अशी त्यांची रचना असते. ही वस्ती रस्त्यांच्या पातळीपेक्षा बरीच खाली आहे, कारण दगडी घरांसाठी लागणारा दगड याच जमिनीतून काढला गेला. वरच्या वैभवाचा खड्डा खालच्यांच्या वाट्याला आला आणि पावसाळ्यात तेथे पाणी साचते.

सद्यःस्थिती : राजधानी हलल्यावर अनेक दगडी घरे ओस पडून ढासळली, मकूती वस्ती मात्र दाट होत गेली. झावळ्यांच्या जागी पत्रे येत आहेत. मार्च २०२२ च्या गोंबे चक्रीवादळाने बेटावरील घरांची मोठी हानी केली. दोन्ही वस्त्या एकाच खडकातून आकाराला आल्याने केवळ दगडी वाड्यांची डागडुजी म्हणजे वारशाचे जतन नव्हे. मकूती वस्तीतील पाण्याचा निचरा आणि शाकारणीचे कौशल्य टिकवणे हाही त्या जतनाचाच अविभाज्य भाग होय.