उशीर जुनाच आहे!

दिवाळीत केदारखेड्याला लॅपटॉपवर आधी टाळ रेकॉर्ड केले, मग त्यावर काकांचा अभंग. काका तालाचे पक्के, पण ऐकलं तर आवाज मागे! त्यांचा चेहराच पडला.

दोष त्यांचा नव्हता. टेपवरही हेच व्हायचं. ऐकवणारं हेड रेकॉर्डिंग हेडच्या पुढे असे, मधल्या अंतराएवढा नवा आवाज मागे पडे. अँपेक्सने 'सेल-सिंक'मध्ये रेकॉर्डिंग हेडवरूनच जुना ट्रॅक ऐकवला. लेस पॉलकडे 1957 मध्ये असं आठ ट्रॅकचं मशीन आलं.

कॉम्प्युटरवर अंतराच्या जागी बफर आला. 44,100 च्या रेटला 1024 सॅम्पल म्हणजे 23 मिलिसेकंद, तेही जाता-येता दोनदा. स्टाइनबर्गने 1997 मध्ये आणलेल्या एएसआयओमध्ये ड्रायव्हरच उशीर किती ते सांगतो, सॉफ्टवेअर ट्रॅक तेवढा पुढे ओढतं.

तसा ड्रायव्हर टाकला, बफर 128 केला. काका पुन्हा गायले. बरोबर समेवर!