कुलाब्याहून कुलाब्याला

परवा शनिवारी अलिबागला गेलो होतो. किल्ल्याकडे जाताना झाडीत एक शांत सरकारी आवार लागतं, चुंबकीय वेधशाळेचं. लहानपणापासून पाहतोय, पण मुंबई सोडून अलिबागला वेधशाळा का, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. या खेपेला पडला. उत्तर एका शब्दात सांगायचं तर ट्राम!

तर गोष्ट अशी. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली मुंबईत कुलाब्याला वेधशाळा बांधली. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ लागायची, मुख्य काम ते. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. टांगलेला चुंबक किंचित वळला की दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. दर तासाला, दिवसा आणि रात्रीसुद्धा. आपल्या भाषेत सांगायचं तर माणसांनी हाताने लिहिलेली लॉग फाईल.

कंटाळवाणं काम आहे ना? पण २ सप्टेंबर १८५९ची गंमत बघा. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्यावर एक प्रखर झोत दिसला होता. त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. युरोपातल्या वेधशाळांत फोटोच्या कागदावर आपोआप नोंद व्हायची, तिथे रेघ कागदाबाहेरच गेली. कुलाब्याला मात्र माणसं होती. चुंबक जास्त हलायला लागला की तासाची वाट न बघता पाच-पंधरा मिनिटांनी आकडा घ्यायचा, असा तिथला शिरस्ता. त्यांनी तो पाळला.

नोंद काय झाली? मुंबईत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक एरवी सदतीस-अडतीस हजार नॅनोटेस्ला असतो. त्या सकाळी तो थोड्याच वेळात सुमारे १६०० ने कोसळला. ही वही पुढे कित्येक वर्षं पडून राहिली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, आपले गुरबक्ष लखिना वगैरे शास्त्रज्ञांनी त्या नोंदी अभ्यासून निबंध लिहिला. असं वादळ आज आलं तर उपग्रहांचं आणि विजेच्या जाळ्याचं काय होईल, याचा अंदाज बांधताना आज जगभर कुलाब्याचे ते आकडे घेतले जातात.

आता ट्राम. मुंबईत १८७४ पासून ट्राम होती, पण घोड्यांची. घोड्यांनी वेधशाळेला काही त्रास दिला नाही. १९००च्या सुमारास विजेची ट्राम आणायचं ठरलं आणि पंचाईत झाली. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जातो, थोडा जमिनीत झिरपतो, आणि जिथे प्रवाह तिथे चुंबकीय क्षेत्र. म्हणजे मोजायची होती पृथ्वी, पण मोजली गेली असती ट्राम.

वेधशाळेचे संचालक होते डॉ. नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. वेधशाळा हलवायची हे ठरलं आणि अलिबागची जागा निवडली गेली. इमारतीला आपला काळा दगड चालणार नव्हता, कारण त्यात चुंबकीय लोहखनिज असतं. म्हणून पोरबंदरचा दगड आणला, लोखंडाच्या जागी तांबं-पितळ वापरलं.

पण मला सगळ्यात भावलं ते पुढचं. मूस यांनी कुलाब्याचं काम लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६, तब्बल दोन वर्षं, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन्हीकडच्या आकड्यांत किती फरक येतो ते पक्कं कळलं, आणि मग जुनी मालिका नवीला जोडली. १९०७ साली विजेची ट्राम धावली तेव्हा कुलाब्याचं चुंबकीय काम आटोपलेलं होतं. १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ची आकडेवारी दोन खंडांत छापली.

हे वाचताना मला आमची एक जुनी शुक्रवारची रात्र आठवली. नवा सर्व्हर सुरू केला, जुना त्याच रात्री पुसून टाकला. सोमवारी बेरजा जुळेनात, आणि पडताळायला जुनं काहीच शिल्लक नाही. दोन आठवडे दोन्ही चालू ठेवले असते तर? पण "एवढा वेळ कुणाला आहे" हे वाक्य मीच म्हटलं होतं. मूस यांच्यापुढे तर ट्रामची तारीख उभी होती, तरी त्यांनी दोन वर्षं काढली.

ट्राम १९६४ साली मुंबईतून गेली. तिने जिला हलवलं ती वेधशाळा अलिबागला अजून चालू आहे, आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे. आणि योगायोग बघा, मुंबईच्या कुलाब्याहून ती आली ती थेट अलिबागच्या कुलाबा किल्ल्याशेजारी!

असो. अलिबागला गेलात तर किल्ल्याला जाताना त्या आवाराकडे एकदा बघा. आणि जुना सर्व्हर पुसायच्या आधी मूस साहेबांची आठवण काढा.