सूर आणि त्याचा भोपळा

सांगली-साताऱ्याच्या मुलखास नादाचे वेड फार जुने आहे. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवरा’चा खेळ केला, तेव्हा गाणाऱ्याच्या आवाजास छातीच्या जोरावाचून दुसरा आधार नव्हता. तमाशाच्या फडातील तुणतुणे घ्या. एक तार, एक पोकळ नळकांडे आणि तळाशी ताणलेले चामडे. तार सूर काढते, नळकांडे तो मोठा करते. वाद्य म्हणजे सूर आणि त्याचे भांडे यांचा संसार होय.

हा संसार मिरजेच्या कारागिरांनी फार निगुतीने जुळविला. हे मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे काम आटले आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्यापैकी काहींचे हात तंबोऱ्याकडे वळले. फरीदसाहेबांचे नाव त्यांत अग्रभागी येते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे पारखून, वाळवून घ्यायचे. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्यास मोठा, बायकी आवाजाच्या तंबोऱ्यास लहान, अशी मापे ठरलेली. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. तार आणि भोपळा एकाच हाताने जुळविण्याच्या रीतीचाही तो सन्मान आहे, असे आम्ही समजतो.

विजेने तार आणि भोपळा वेगळे केले. अमेरिकेत लिओ फेंडरने १९५१ साली विजेची बेस गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी खास ॲम्प्लिफायर काढला. येथवर दोन्ही एका घरचीच होती. १९६४ साली रॉबर्ट मूगने आपला सिंथेसायझर पुढे मांडला. त्यास तार नाही, चामडे नाही आणि स्वतःचे भांडेही नाही. पुढे त्याच्या जातीची कीबोर्ड वाद्ये स्वस्त झाली आणि लग्नाच्या बँडात, जत्रेच्या ऑर्केस्ट्रात येऊन बसली. वादकाने हाताशी असलेल्या बेसच्या ॲम्प्लिफायरमध्येच ते जोडले, तर त्यात गैर काही नाही. मात्र दुसऱ्याचा भोपळा उसना घेताना त्याचे माप ठाऊक हवे.

चार तारांच्या बेसची सर्वांत खर्जाची तार सेकंदास सुमारे ४१ कंपने करते, आणि छेडल्यावर तिचा जोर आपोआप ओसरतो. सिंथेसायझरची पट्टी दाबून धरली, तर सूर त्याच जोराने चालू राहू शकतो; शिवाय तो ३० कंपनांच्याही खाली उतरू शकतो. तेथे स्पीकरचा पडदा जोराने हिंदकळतो, पण कानास फारसे काही पोहोचत नाही. वादकास वाटते, आवाज कमी आहे. तो बटण आणखी फिरवितो, आणि पडदा फाटतो किंवा आतील तारेचे वेटोळे जळते. ॲम्प्लिफायरला झेपेनासे झाले, की लहरींचे माथे छाटले जातात आणि त्यांतून उपजणारे तीव्र स्वर वरच्या पट्टीच्या छोट्या स्पीकरचा घात करतात.

म्हणून जोडणी करताना आवाजाची बटणे शून्यावर असावीत. सिंथेसायझरचा संकेत गिटारहून जोरकस असतो. त्यासाठी ॲम्प्लिफायरवर कमी संवेदनेचे वेगळे भोक असेल, तर तेच वापरावे. खर्जाचे बटण मध्यावर ठेवावे, अतिखर्ज छाटण्याची सोय असल्यास ती घ्यावी, आणि मग आवाज हळूहळू चढवावा. खरखर ऐकू येताच मागे यावे. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर जोडल्यावाचून चालवू नये. घुमघुम थांबविण्यासाठी अर्थिंगची पिन काढणे तर जिवावरचे काम आहे.

दुसरा पडदा श्रोत्याच्या कानात आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. स्पीकरचा पडदा नवा बसविता येतो. कानाच्या आतील केशपेशी मेल्या, तर माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

तंबोऱ्याचे माप मिरजेचा कारागीर वादकासाठी आधीच पाहून ठेवीत असे. विजेच्या वाद्यात ते काम वादकाच्याच माथी आले आहे. त्याने ते मनावर घेतले, तर या मुलखाचे जुने नादवेड नव्या वाद्यातही शोभून दिसेल.