अध्यक्षांचा नकार

अमेरिकेच्या राज्यघटनेनें कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला खरा. परंतु मंजूर विधेयक सही न करितां परत पाठविण्याची मुभा अध्यक्षांसहि ठेविली. पहिल्या सहा अध्यक्षांनीं मिळून ती अवघी १० वेळां वापरली, तीहि बहुधा घटनेचा प्रश्न आला तरच. अँड्र्यू जॅक्सन ह्यांनीं एकट्यानें १२ वेळां वापरली.

१८३२ सालीं युनायटेड स्टेट्स बँकेची सनद वाढविणारें विधेयक दोन्ही सभागृहांनीं संमत केलें. जुनी सनद १८३६ पर्यंत होती. मग एवढी घाई कां? निवडणुकीच्या वर्षीं सही नाकारण्याची छाती जॅक्सनना होणार नाहीं, असा हेन्री क्ले ह्यांचा होरा होता! १० जुलै रोजीं विधेयक परत आलें. घटनेचा आक्षेप त्यांत होताच. पण सरकारी कृपेनें श्रीमंत अधिक श्रीमंत व्हावे आणि शेतकरी-कारागीर तसेच राहावे, हें अन्याय्य आहे, असेंहि जॅक्सननीं बजावलें. शिवाय, योजना मागितली असती तर आपण ती आनंदानें दिली असती, असेंहि लिहिलें. माझ्या मतें खरी मेख हीच. कायदा घडतांनाच आपला सल्ला घ्यावा, ही ती मागणी होती.

नकार उलटविण्यास दोनतृतीयांश मतें हवीं होतीं; सिनेटमध्यें २२ विरुद्ध १९ एवढींच पडलीं. विरोधकांनीं त्यांस ‘राजा अँड्र्यू’ म्हणून हिणविलें. निवडणुकींत मात्र क्ले ह्यांस ४९ निर्वाचक मतें मिळालीं, जॅक्सनना २१९.