जुन्या मातीवर नवा गादीवाफा

बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या आवारात कुदळ मारली, की बहुधा विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा आणि दबलेला मुरूम हाती लागतो. पुणे, सोलापूर परिसरात अनेक ठिकाणी त्याखाली काळी चिकणमाती असते. पावसाळ्यात ती पाणी धरून फुगते, मुळांना हवा मिळत नाही आणि रोपे पिवळी पडतात. उन्हाळ्यात तीच माती आकसून भेगाळते. ही सारी माती बदलणे खर्चिक असते आणि आवश्यकही नसते. तिच्यावरच गादीवाफा घालणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

वाफ्याची उंची २० ते ३० सेंटीमीटर आणि रुंदी १ ते १.२ मीटर असावी. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला, की आत पाय ठेवावा लागत नाही व माती दबत नाही. कडेला विटा किंवा जांभा दगड लावावा.

मोठी चूक होते ती तळाशी. तण येऊ नये म्हणून खाली प्लास्टिक अंथरले, की पाणी साचते आणि मुळे सडतात. वाफा म्हणजे कुंडी नव्हे. त्याचा तळ जमिनीला खुला हवा. राडारोडा वेचून जुनी माती वीतभर खणून सैल करावी. लव्हाळ्याच्या गाठी मात्र खणूनच काढाव्यात. हरळीही मुळासकट उपटावी. त्यावर वर्तमानपत्राचे थर अंथरून पाणी मारावे. किरकोळ तण दबते आणि कागद कुजून मातीत मिसळतो.

भरावासाठी दोन भाग पोयटा माती व एक भाग चांगले कुजलेले शेणखत वा कंपोस्ट घ्यावे. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व २५ सेंटीमीटर उंच वाफ्यास अर्धा घनमीटर मिश्रण लागते. पहिल्या पावसाळ्यानंतर ते खचते. तेव्हा वरून कंपोस्टची भर घालावी.

मेथी, पालक, कोथिंबीर एवढ्या उंचीत उत्तम येतात. वांगी व टोमॅटोची मुळे मात्र खालच्या मातीत उतरतात. तेथे गांडुळेही वावरू लागतात आणि जुनी माती हळूहळू सुधारते.

गादीवाफा लवकर सुकतो, म्हणून उन्हाळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन व नियमित पाणी हवे. जुन्या इमारतींच्या भिंतीलगत, जेथे रंगाचे पोपडे गळतात, तेथील मातीत शिसे असू शकते. अशा जागी भाजी लावू नये.