वासाचा कायदा

स्वयंपाकघरांत गॅसची तोटी नीट बंद झाली नाहीं म्हणजे सडक्या कोबीसारखी जी दुर्गंधि सुटते, तिला आपण गॅसचा वास म्हणतों. वस्तुतः तो वास गॅसचा नव्हेच. जमिनीच्या पोटांतून निघणारा नैसर्गिक वायु, म्हणजे मुख्यतः मिथेन, याला ना रंग ना गंध. दुर्गंधि आहे ती मर्काप्टन नांवाच्या द्रव्याची, आणि तें त्यांत मुद्दाम मिसळलेलें असतें. हें मिसळणें सक्तीचें कसें झालें, याचा इतिहास एका शाळेशीं बांधलेला आहे. ज्याचें आयुष्य शाळेंत गेलें त्याला तो सांगतांना मन घट्ट करावें लागतें.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ सालीं गॅसचे दिवे लागले, त्यांतला वायु दगडी कोळशापासून काढलेला होता. त्याला स्वतःचाच उग्र दर्प असे. कोठें गळती झाली कीं नाक सांगे. नैसर्गिक वायु आला आणि हा पहारेकरी नाहींसा झाला. उपाय ठाऊक नव्हता असें मात्र नव्हे. पाण्याच्या वाफेपासून बनविलेल्या गंधहीन वायूंत मर्काप्टन मिसळण्याचा प्रयोग जर्मनींत १८८० नंतरच्या दशकांतच झाला होता. विद्या होती, ती वापरण्याचें बंधन कोणावर नव्हतें.

अमेरिकेच्या टेक्सास संस्थानांत न्यू लंडन नांवाचें गांव आहे. १९३० सालीं त्या प्रांतांत खनिज तेलाचा प्रचंड सांठा सांपडला, आणि गांवची शाळा देशांतील अत्यंत श्रीमंत ग्रामीण शाळांत गणली जाऊं लागली. इमारत भव्य, सांगाडा पोलादाचा. परंतु ती उबदार ठेवण्यासाठीं मध्यवर्ती बाष्पयंत्र बसविण्याऐवजीं चालकांनीं गॅसवर चालणाऱ्या ७२ शेगड्या बसविल्या. पुढें १९३७ च्या आरंभीं त्यांनीं गॅस कंपनीचा करार सोडला व जवळच्या एका कारखान्याच्या नळाला जोड घेतला. विहिरींतून येणाऱ्या वायूंतला पेट्रोलचा अंश काढून घेतल्यावर जो वायु उरे, तो कारखानदार एरव्हीं जाळूनच टाकीत. त्यामुळें गांवांतलीं घरें आणि प्रार्थनामंदिरेंहि असे जोड घेत व कारखानदार काणाडोळा करीत. शाळेची बचत झाली महिन्याला सुमारें ३०० डॉलर. एवढ्या श्रीमंत शाळेनें एवढ्यासाठीं असें करावें याचें नवल वाटेल. पण शिक्षणसंस्थांचा कारभार ज्यांनीं जवळून पाहिला आहे त्यांना तें वाटणार नाहीं.

नळांतून वायु गळत राहिला आणि इमारतीखालच्या बंद पोकळींत सांठत गेला. मुलें डोकेंदुखीची तक्रार करीत, पण तिचा अर्थ कोणास उमगला नाहीं. त्या वायूला वास असता तर पहिल्याच दिवशीं एखादें पोर नाक धरून वर्गाबाहेर आलें असतें.

१८ मार्च १९३७, गुरुवार, दुपारचे ३ वाजून १७ मिनिटें. धाकटीं मुलें घरीं गेलीं होतीं. शेजारच्या व्यायामशाळेंत पालकांची सभा चालली होती. मुख्य इमारतींत सुमारें ५०० विद्यार्थी आणि ४० शिक्षक होते. हस्तव्यवसायाच्या शिक्षकानें लांकूड घासण्याचें विजेचें यंत्र सुरू केलें, आणि ठिणगी उडाली. हवेंत मिथेनचें प्रमाण शेंकडा ५ पासून १५ पर्यंत असलें म्हणजे मिश्रणाचा स्फोट होतो. इमारत उचलली गेली आणि स्वतःच्याच भारानें कोसळली. सुमारें २९५ जीव गेले. त्यांत बहुतेक मुलेंच. तेलविहिरींवर काम करणारे त्यांचे बाप रात्रभर पावसांत ढिगारा उपसत होते. त्या ढिगाऱ्यांत एक फळा सांपडला असें सांगतात. तेल आणि नैसर्गिक वायु हें या भूमीचें सर्वांत मोठें भाग्य असून त्यांच्यावांचून ही शाळा उभी राहिली नसती, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता.

चौकशी झाली, कोणा एका व्यक्तीवर दोष ठेवतां आला नाहीं. न्यायालयानेंहि शाळेस किंवा कारखान्यास जबाबदार धरलें नाहीं. शाळाधिकाऱ्यानें राजीनामा दिला. मृतांत त्याचा स्वतःचा मुलगा होता. टेक्सासच्या विधिमंडळानें मात्र त्याच वर्षीं वायूंत वास मिसळण्याची सक्ती केली. परवान्यावांचून कोणीं अभियंता म्हणवून घेऊं नये, असाहि कायदा तेव्हांच झाला. वासाच्या नियमाचें अनुकरण पुढें इतरत्र झालें. अमेरिकेचा आजचा नियम असा कीं, स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या एकपंचमांश, म्हणजे हवेंत शेंकडा १ वायु मिसळतांच, साधारण माणसाच्या नाकाला तो कळला पाहिजे.

शेंकडों कोस जाणाऱ्या वाहिन्यांतून मात्र वायु पुष्कळदां गंधहीनच वाहतो. शिवाय नळ एकाएकीं फुटला तर वास काय करणार? १९६५ च्या मार्चमध्यें लुइझियाना संस्थानांत नॅकिटिश गांवाजवळ अशी वाहिनी फुटून १७ माणसें मेलीं. पोलादाला आधींच तडे गेले होते. त्यानंतर १९६८ सालीं सबंध अमेरिकेला लागू होणारा वाहिन्यांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. घर्षणानें वायूचा दाब घटतो, म्हणून वाटेंत कॉम्प्रेसरचीं ठाणीं बसवावीं लागतात. तेथें नाकाचें काम यंत्राकडे आहे. खालच्या स्फोटमर्यादेच्या चतुर्थांशाइतका वायु इमारतीच्या हवेंत आढळण्यापूर्वींच किंवा आढळतांच त्यानें इशारा दिला पाहिजे. ठाणें वाहिनीपासून तोडून आंतला वायु सुरक्षित जागीं सोडण्याची कळहि निदान दोन ठिकाणीं हवी, म्हणजे एकीकडे आग असली तर दुसरीकडून ती फिरवितां येते. तेथून पुढें वायु शहराच्या वेशीशीं येतो. त्याचा दाब उतरवून, आधीं वास दिलेला नसेल तर त्यांत मर्काप्टन सोडतात, आणि मग तो घरोघरच्या शेगड्यांकडे वळतो.